आधी भरपाई, क्षमेचं नंतर पाहू

जाहीर माफीचं एक ठरावीक वाक्य आता सगळ्यांना पाठ झालं आहे. 'माझ्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.' पुढारी हे म्हणतात, कंपन्यांचे प्रवक्ते हे वाचून दाखवतात, नामवंत मंडळी कॅमेऱ्यासमोर बसून हेच सांगतात. नेमकं काय केलं, हे या वाक्यात नसतं. कोणाला केलं, तेही नसतं. या वाक्यावर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. मला मात्र माफीनंतरच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे अन्याय सोसलेल्या माणसाकडे वळतात. 'त्याने माफी मागितली ना? मग आता आणखी काय हवंय?' एका रात्रीत हिशोब उलटा होतो. नुकसान करणारा मोकळा सुटतो आणि ज्याचं नुकसान झालं तो आडमुठा ठरतो.

माझं म्हणणं असं आहे की, ज्याने नुकसान केलं त्याच्यावर भरपाईचं ऋण असतं आणि त्याला कोणतीही अट नसते. ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर क्षमेचं ऋण नसतं. या दोन गोष्टींची आपण इतकी घट्ट गाठ मारून ठेवली आहे की भरपाईचा उद्देशच क्षमा मिळवणं आहे, असं आपल्याला वाटू लागलं आहे. ही गाठ सोडवायला हवी. घरात, कामाच्या जागी, कोर्टात आणि देशादेशांच्या व्यवहारातही.

उसने घेतलेले पैसे परत केले म्हणून समोरच्याने पुन्हा आपल्याशी पूर्वीसारखं हसून बोलावं, असा हक्क कोणाला मिळत नाही. पैसे त्याचेच होते, ते त्याला मिळाले, एवढंच घडलं. झालेलं नुकसान भरून देणं हेही असंच आहे. बदनामी केली असेल तर नाव स्वच्छ करून देणं, श्रेय लाटलं असेल तर ते ज्याचं त्याला परत करणं, संधी हिरावली असेल तर ती पुन्हा उभी करून देणं किंवा तिची किंमत मोजणं, या सगळ्या गोष्टी त्या माणसाच्या हक्काच्या आहेत. तो उद्या आपलं तोंडही पाहणार नसेल, तरी त्या करायच्याच.

क्षमा वेगळी आहे. ती आतून येते किंवा येत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून जी 'दिली' जाते ती बहुतेक वेळा नुसती चुप्पी असते. वादाचा कंटाळा आलेला माणूस, एकटा पडण्याची भीती वाटणारा माणूस, पुढेही त्याच घरात किंवा त्याच वरिष्ठाच्या हाताखाली राहावं लागणारा माणूस 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. 'मोठ्या मनाने सोडून दे' हा सल्ला कोणाला दिला जातो, तेही पाहावं. ज्याचा आवाज लहान त्यालाच मन मोठं करायला सांगितलं जातं. धाकट्याला, हाताखालच्याला, परावलंबी माणसाला. बलवानाला कोणी असं सांगत नाही, कारण त्याच्यावर अन्याय झाला तर तो भरपाई वसूल करूनच थांबतो आणि आपण त्याला न्यायप्रिय म्हणतो.

यात तिसऱ्या माणसाचा उत्साह तर फारच खटकतो. ज्याचं काहीच गेलं नाही तो जाहीर करतो, 'मी त्याला माफ केलं.' कोणत्या अधिकाराने? माझ्या शेजाऱ्याची फसवणूक झाली असेल तर फसवणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. त्याच्याशी मी व्यवहार ठेवावा की नाही, एवढंच मी ठरवू शकतो. समाज, संस्था, चाहते, पक्ष, सगळ्यांना हीच मर्यादा लागू आहे. मारल्या गेलेल्या माणसाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तर कोणाकडेच उरत नाही.

क्षमा केल्याने क्षमा करणाऱ्याचंच ओझं उतरतं, राग धरून ठेवणारा स्वतःच जळत राहतो, असं यावर सांगितलं जाईल. काहींच्या बाबतीत हे खरं आहे. अशी माणसं असतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र तो त्यांचा स्वतःचा अनुभव आहे. तोच दुसऱ्याला औषध म्हणून लिहून दिला की त्याची सक्ती होते. नाझींच्या ऑशवित्झ छळछावणीतून वाचलेले लेखक ज्याँ आमेरी यांनी १९६०च्या दशकात याच्या अगदी उलट बाजू मांडली. काळ सगळं भरून काढतो हे म्हणणं त्यांना अनैतिक वाटत होतं. छळ झालेल्याचा न विझलेला राग हीच घडलेल्या गोष्टीची साक्ष आहे, असं त्यांचं सांगणं होतं. जग पुढे निघून जायला उतावीळ झालेलं असताना 'हे घडलं होतं' असं ठामपणे म्हणणारा कोणीतरी लागतो. आमेरींचं सगळं पटलं नाही, तरी राग हा नेहमी आजारच असतो हे गृहीतक त्यांना वाचल्यावर टिकत नाही.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण इथे नीट पाहायला हवं, कारण क्षमेच्या बाजूने बोलताना सर्वांत आधी तेच पुढे केलं जातं. वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९५च्या कायद्याने तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. क्षमेशिवाय या देशाला भविष्य नाही, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी देशभरच्या सुनावण्यांत, प्रसंगी अश्रू ढाळत, जगून दाखवली. या आयोगाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. राजकीय हेतूने गुन्हा केलेल्या माणसाला शिक्षामाफी हवी असेल तर त्याने पूर्ण सत्य सांगायचं, ही कायद्याची अट होती. पश्चात्ताप झालाच पाहिजे, अशी अट नव्हती. अनेकांना हे थंडपणाचं वाटलं. मला ते शहाणपणाचं वाटतं. मन उघडून तपासता येत नाही, पण मृतदेह कुठे पुरला हे सांगितलं की नाही, ते तपासता येतं. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यातले ८४९ मंजूर झाले.

याच आयोगाची दुसरी बाजू स्टीव्ह बिको यांच्या प्रकरणात दिसते. बिको हे कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमान चळवळीचे नेते होते. १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कुटुंबाने शिक्षामाफीच्या तरतुदीलाच आव्हान दिलं. खटला भरण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा आमचा हक्क तुम्ही आम्हाला न विचारता कसा काढून घेता, हा त्यांचा प्रश्न होता. १९९६ मध्ये संविधान न्यायालयाने तो फेटाळला. संक्रमणाच्या काळात देशाने ही किंमत मोजण्याचं ठरवलं आहे, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयाची अडचण मला समजते. ही तडजोड झाली नसती तर सत्तांतरच रक्तरंजित झालं असतं, हा युक्तिवाद पोकळ नाही. तरी किंमत देश मोजत नव्हता, त्या पत्नीच्या आणि मुलांच्या हक्कातून ती कापली जात होती, हेही तितकंच खरं आहे. पुढे बिको प्रकरणातल्या पोलिसांनी शिक्षामाफीसाठी अर्ज केले. झटापटीत बिकोंचं डोकं आपटलं, असं या पोलिसांचं सांगणं होतं. १९९९ मध्ये त्यांना शिक्षामाफी नाकारण्यात आली. बावीस वर्षांनी, देशाच्या सर्वांत उदार व्यासपीठावर उभं राहूनही, त्यांच्या तोंडून अर्धंच निघालं. माफीची आशा समोर टांगली की माणूस खरं बोलतो हा समज इथे उघडा पडतो. कित्येकदा तो माफी मिळण्यापुरतंच बोलतो.

आता भरपाईचं पाहू. शिक्षामाफी मंजूर झाली की ती तात्काळ लागू व्हायची. तुरुंगातला माणूस बाहेर यायचा, त्याच्यावरचे दावे संपायचे. साक्ष द्यायला आलेल्या पीडितांची संख्या वीस हजारांच्या वर होती. त्यांना सहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, अशी शिफारस आयोगाने १९९८ मध्ये केली. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३० हजार रँड देण्याचं जाहीर केलं. शिफारशीच्या मानाने ही रक्कम फार तुटपुंजी होती. मधल्या पाच वर्षांत क्षमेची गाणी जगभर गाजली होती. ज्यांनी साक्षी दिल्या, भर सभेत पुन्हा एकदा सगळं भोगलं, ते वाट पाहत होते. सलोख्याची घाई झालेली व्यवस्था जुनं देणं किती सहज मागे ढकलते, ते यात दिसतं.

याच्या शेजारी अमेरिकेचं एक प्रकरण ठेवून पाहावं. १९४२ मध्ये तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारांवरून उठवून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते. घरं, शेतं, दुकानं मिळेल त्या भावात विकावी लागली. १९८८ मध्ये कायदा झाला आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर आणि देशाची माफी देण्याचं ठरलं. शेहेचाळीस वर्षं ही अक्षम्य दिरंगाई आहे. तोवर असंख्य लोक वारले होते. पण या कायद्यात काही गोष्टी नेमक्या होत्या. हे कशामुळे घडलं, ते त्यात लिहिलेलं होतं: वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. 'दुर्दैवी परिस्थिती' असा मोघम शब्द वापरून सुटका करून घेतलेली नव्हती. १९९० मध्ये रक्कम वाटायला सुरुवात झाली तेव्हा वयाने सर्वांत मोठ्या असलेल्यांना ती आधी दिली गेली, कारण त्यांच्याकडे वेळ कमी होता. सोबत राष्ट्राध्यक्षांचं छोटं पत्र होतं. केवळ पैशाने आणि शब्दांनी गेलेली वर्षं परत येत नाहीत, हे त्यातच मान्य केलेलं होतं. त्या पत्रात 'आम्हाला क्षमा करा' अशी विनंती कुठेही नव्हती. शेवटी फक्त शुभेच्छा होत्या. सुमारे ८२ हजार लोकांना रक्कम मिळाली. त्यांपैकी कोणी मनात काय ठेवलं, ते सरकारने विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं.

जपानचं याच्या उलट झालं. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी कोरिया, चीन, फिलिपिन्स आणि इतर ठिकाणच्या हजारो स्त्रियांना लैंगिक गुलामीत ढकललं गेलं. १९९५ मध्ये जपानने त्यांच्यासाठी एक निधी उभारला. पीडितांना द्यायची रक्कम नागरिकांच्या देणग्यांतून जमवली गेली. उपचार आणि मदतकार्याचा खर्च सरकारने उचलला आणि सोबत पंतप्रधानांचं पत्र दिलं. काही स्त्रियांनी ते स्वीकारलं. दक्षिण कोरियातल्या अनेकींनी नाकारलं. गुन्हा राज्यसंस्थेचा होता, तेव्हा देणंही राज्यसंस्थेनेच तिच्या नावाने, कायदेशीर जबाबदारी मान्य करून द्यावं, लोकांच्या दयाबुद्धीतून नको, असं त्यांचं म्हणणं होतं. आयुष्याच्या शेवटी आलेल्या, अनेकदा गरिबीत दिवस काढणाऱ्या स्त्रियांनी पैसे नाकारले, याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पैसा कोणाच्या खिशातून येतो यावरून तो भरपाई ठरतो की मदत. मग डिसेंबर २०१५ मध्ये जपान आणि दक्षिण कोरियाच्या सरकारांनी करार केला. जपान सरकारने १०० कोटी येन दिले आणि हा प्रश्न 'अंतिमतः आणि अपरिवर्तनीयरीत्या' सुटला असं जाहीर झालं. त्या स्त्रियांचं म्हणणं पुरेसं ऐकून न घेताच हे ठरलं होतं, असं पुढे कोरियाच्याच सरकारी समितीने म्हटलं. करार टिकला नाही. त्यासाठी स्थापलेली संस्था बंद करण्याचा निर्णय कोरियाने २०१८ मध्ये घेतला. पैसे देताना 'आता हा विषय पुन्हा काढायचा नाही' अशी अट घातली की ती भरपाई राहत नाही, गप्प बसण्याचा मोबदला होतो. कुटुंबांतही असे करार होतात, फक्त त्यांवर सह्या नसतात.

मोठ्या उदाहरणांवरून छोट्यांकडे येतो, कारण भरपाई म्हणजे काय ते छोट्या प्रकरणांत जास्त स्पष्ट दिसतं. १९७४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा या गावी दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांच्या देखरेखीवरच्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारात जाऊ द्यावं. न्यायाधीश राजी झाले. ते दोघे घरोघर गेले, आपण कोण आहोत आणि काय केलं ते सांगितलं, किती नुकसान झालं ते ऐकून घेतलं आणि पुढच्या काही महिन्यांत पैसे फेडले. आज पुनर्स्थापक न्याय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची आधुनिक सुरुवात अनेक जण या घटनेपासून धरतात. यातली सर्वांत अवघड गोष्ट पैसे फेडणं ही नसणार. दार उघडणाऱ्या माणसासमोर उभं राहून 'मी केलं' म्हणणं आणि मग त्याचं ऐकून घेणं, हे अवघड. चूक केलेल्या माणसाला स्वतः बोलायचं असतं. परिस्थिती, ताण, हेतू, गैरसमज, सगळं समजावून सांगायचं असतं. समोरच्याला मात्र आधी स्वतःचं सांगायचं असतं आणि बहुतेक वेळा त्याला मध्येच तोडलं जातं.

नुकसान जिथे केलं तिथेच ते भरून द्यायला हवं, हाही नियम आपण पाळत नाही. चारचौघांत अपमान करायचा आणि माफी बंद दाराआड मागायची, ही चलाखी सर्रास चालते. खोटा आरोप शंभर लोकांसमोर केला असेल, तर तो खोटा होता हे त्याच शंभर लोकांना, तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं. खासगीत मागितलेल्या माफीने अपराध्याचं मन हलकं होतं. बदनाम झालेल्या माणसाचं नाव बाहेर आहे तिथेच राहतं.

'बोलू नका, कबुली दिलीत तर कोर्टात अंगावर येईल,' हा वकिलांचा सल्ला संस्थांना फार सोयीचा असतो. जालियनवाला बाग हत्याकांडाला शंभर वर्षं होत असताना, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला, पण औपचारिक माफी मागितली नाही. त्याच सुमारास झालेल्या चर्चेत त्यांच्या सरकारच्या मंत्र्याने, माफी मागितली तर आर्थिक परिणाम होऊ शकतात, हा मुद्दा उघडपणे मांडला. एका अर्थी हे प्रामाणिक होतं. खरी माफी फुकट नसते, हे त्या सरकारला नीट कळलेलं होतं, म्हणूनच ती टाळली गेली.

पण ही भीती तरी किती खरी आहे? मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून वेगळी वाट धरली. उपचारात चूक झाली की स्वतःहून चौकशी करायची, रुग्णाला काय झालं ते सांगायचं आणि दोष आपला असेल तर भरपाई आपणहून देऊ करायची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर १ लाख रुग्णभेटींमागे महिन्याला होणाऱ्या खटल्यांचं प्रमाण २.१३ वरून ०.७५ वर आल्याचं दिसलं. त्या राज्यात दावे तेव्हा एकूणच कमी होत होते, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे, त्यामुळे सगळं श्रेय या धोरणाला देता येणार नाही. एवढं तरी नक्की की सत्य सांगितल्याने आभाळ कोसळलं नाही. अनेक देशांत आणि राज्यांत आता माफीला संरक्षण देणारे कायदे आहेत. ब्रिटनच्या २००६च्या कायद्यानुसार माफी मागणं किंवा उपचार देऊ करणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली होत नाही. या कायद्यांचा हेतू चांगला आहे, पण मला त्यांच्याबद्दल पुरता विश्वास वाटत नाही. शब्दांना संरक्षण मिळालं आणि भरपाईची सक्ती नसली, तर संस्था गोड बोलायला शिकतात आणि थांबतात तिथेच. मिशिगनमध्ये सांगणं आणि देणं एकत्र होतं, म्हणून त्याला वजन आलं.

पूर्वजांच्या चुकांसाठी आजच्यांनी का देणं लागावं, हा प्रश्न इथे येतोच. व्यक्तीच्या बाबतीत मी म्हणेन, लागत नाही. आजोबांच्या गुन्ह्याचा डाग नातवावर लावणं अन्याय आहे. राज्यसंस्था मात्र व्यक्तीसारखी मरत नाही. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना मिळाली नाही, गुलामांच्या मालकांना मिळाली, 'मालमत्ता' गेल्याबद्दल. त्यासाठी सरकारने कर्ज काढलं आणि त्या कर्जाचा शेवटचा हिस्सा २०१५ मध्ये फिटला. जवळपास १८० वर्षं करदात्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या ते फेडत राहिल्या आणि 'हे आमच्या पणजोबांचं कर्ज आहे' असं कोणी म्हटलं नाही. सावकाराचं देणं वारशाने येत असेल, तर ज्यांना साखळ्यांत बांधलं त्यांचं देणं मध्येच कसं तुटतं? पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट हे नाझींच्या विरोधात असलेले, १९३३ मध्येच देश सोडून गेलेले गृहस्थ. ७ डिसेंबर १९७० रोजी नाझींनी ज्यूंना जिथे कोंडलं होतं त्या पोलंडमधल्या वॉर्साच्या वस्तीच्या स्मारकापुढे ते गुडघे टेकून बसले. त्यांचा स्वतःचा काडीचाही अपराध नव्हता. ते ज्या पदावर होते त्या पदाचं ते देणं होतं. त्यावेळच्या एका पाहणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना ते अती वाटलं आणि ४१ टक्क्यांना योग्य. त्यांनी मतं मोजून गुडघे टेकले नव्हते.

व्यक्तिगत पातळीवर मात्र एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. भरपाई करण्याचा आग्रहही दुसरा अत्याचार होऊ शकतो. ज्याने छळलं तोच माणूस वर्षांनी अचानक दारात उभा राहतो, रडतो, 'मला झोप लागत नाही' म्हणतो, तेव्हा तो द्यायला आलेला नसतो, मागायला आलेला असतो. दारूचं व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीच्या बारा पायऱ्यांत याचं भान आहे. आपण कोणाकोणाला दुखावलं त्यांची यादी करायची, भरपाईची तयारी ठेवायची आणि शक्य तिथे ती थेट करायची. त्यांना किंवा इतरांना त्यामुळे इजा होणार असेल, तर मात्र नाही. समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे, असं या पायऱ्यांत कुठेही नाही. व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसांनी स्वतःच्या अनुभवातून हे ओळखलं. समोरच्याला भेट नको असेल तर मध्यस्थामार्फत पैसे पाठवता येतात, खोटी नोंद दुरुस्त करता येते, चुकीची साक्ष मागे घेता येते आणि स्वतः दूर राहता येतं.

बाराव्या शतकातले ज्यू विचारवंत मैमोनिदीस यांनी या विषयावर बारकाईने लिहिलं आहे. त्यांच्या मते माणसाचा माणसाने केलेला अपराध नुसत्या प्रार्थनेने धुतला जात नाही. आधी देणं फेडायचं, मग त्या माणसाची समजूत घालायची. पश्चात्ताप पूर्ण झाला हे कसं ओळखायचं? पुन्हा तीच संधी यावी, तेच बळ अंगात असावं आणि तरीही माणसाने ते करू नये. याहून कडक आणि याहून न्याय्य कसोटी मला माहीत नाही. पण तीन वेळा विनवूनही समोरचा मानला नाही, तर दोष त्याच्याकडे जातो, असंही ते म्हणतात. इथे मी त्यांच्यासोबत नाही. अपराध्याच्या वाटेला शेवट असावा, अशी त्यामागची करुणा मला कळते. तो शेवट त्याला मिळावा, असं मलाही वाटतं. फक्त त्याचा खर्च पुन्हा पीडितावर टाकू नये.

तो शेवट द्यायचं काम समाजाचं आहे. क्षमा समाजाच्या हातात नाही, पण परत घेणं त्याच्या हातात आहे. ज्याने खरं सांगितलं, फेडता येण्याजोगं फेडलं, शिक्षा भोगली आणि तसं पुन्हा केलं नाही, त्याला काम मिळावं, घर मिळावं, बोलायला जागा मिळावी. एका जुन्या चुकीवरून माणसाला जन्मभर हाकलत राहण्याची जी सवय आता लागली आहे, ती मला पीडितांच्या बाजूची वाटत नाही. तिच्यातून पीडिताला काहीच मिळत नाही आणि सत्य सांगण्याचं धाडसही मरतं. सांगून उपयोग काय, गप्प बसलेलं बरं, असं प्रत्येक अपराधी म्हणू लागतो. पण परत घेण्याचा हा निर्णय समाजाने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. 'पीडितानेही आता माफ केलं आहे' असा दाखला त्यासाठी मागू नये.

कोर्टात तर हे तातडीने बदलायला हवं. तडजोड झाली, तक्रारदाराची आता हरकत नाही, असं लिहून आणलं की प्रकरण मिटवणं किंवा शिक्षा हलकी करणं जिथे जिथे चालतं, तिथे तिथे त्या कागदावरच्या सहीसाठी दबाव, आमिष आणि धमक्या यांची एक बाजारपेठ तयार होते. गुन्हा जितका गंभीर, तितकी सहीची किंमत जास्त. न्यायाधीशांनी आरोपीला जरूर विचारावं की त्याने काय सांगितलं, किती फेडलं, कोणाला, कधी, आणि वागणं कशात बदललं. त्याची पुराव्यानिशी नोंद घ्यावी आणि शिक्षा ठरवताना ती मोजावी. पीडिताला त्याला काय हवं आहे ते विचारावं, त्याचं नुकसान किती झालं ते ऐकावं. त्याने क्षमा केली की नाही, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारू नये आणि त्याचं उत्तर, आपणहून दिलं गेलं तरी, शिक्षेच्या हिशोबात धरू नये.